तिवरखारची टपालथैली

तिवरखारला जायचं तर मनुबाईला हाक मारावी लागे. कासवलीच्या काठावर उभं राहायचं, दोन्ही हात तोंडाशी धरायचे आणि "तरीवालेऽऽ" अशी लांब आरोळी ठोकायची. मग पलीकडच्या तिवरांच्या झाडीतून होडीचं नाक बाहेर येई आणि मागे वल्हं मारत उभी असलेली एक उंच, काटक बाई दिसे. तिचा नवरा रघू हिवतापानं गेला तेव्हा खाडीवरची तर, म्हणजे माणसं नेण्या-आणण्याची होडी, आता कुणा पुरुषमाणसाकडे द्यावी, असा विचार गावकीत चालला होता. तो विचार पुरा व्हायच्या आत, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, मनुबाईनं होडी पाण्यात लोटली. लोक बघत राहिले आणि मग होडीत बसले.

गाव खारपट्टीतलं. तीन बाजूंनी खाडी, चौथीकडे मिठागरं. बांधाबांधानं वळसा घालून कासवलीला जायचं म्हटलं तर अकरा मैल पडत. खाडी ओलांडून दीड मैल.

स्वातंत्र्य आलं तेव्हा तिवरखारला पोस्ट नव्हतं. गावची पत्रं कासवलीला येत आणि तिथंच पडून राहत. बाजाराला गेलेल्या कुणाला आठवण झाली तर तो ती घेऊन येई. मनुबाईचा पाठचा भाऊ अंबाजी मुंबईला गोदीत कामाला होता. त्याच्या पायावर ओझं कोसळलं. 'बहिणीला लवकर पाठवा,' असं त्याच्या सोबत्यानं कार्ड टाकलं. ते कार्ड कासवलीत अकरा दिवस पडून होतं. त्या अकरा दिवसांत मनुबाई रोज दोन-तीनदा कासवलीच्या काठाला लागत होती आणि पोस्ट तिथून हाकेच्या अंतरावर होतं. पण तिला अक्षरओळख नव्हती, आपल्यालाही कुणी पत्र लिहील हे तिच्या मनातच आलं नव्हतं. कार्ड मिळाल्यावर ती रेवसहून बोटीनं भाऊच्या धक्क्याला उतरली, विचारत विचारत इस्पितळात पोचली, तेव्हा अंबाजीच्या खाटेवर दुसराच माणूस झोपलेला होता.

हे दुःख तिनं चारचौघांत कधी उगाळलं नाही. पण एकोणपन्नास साली तिवरखारला पोस्ट मंजूर झालं, आणि कासवलीहून टपालाची थैली रोज कोण आणील असा प्रश्न निघाला, तेव्हा ती सगळ्यांच्या आधी उठून म्हणाली, "मी आनीन."

पोस्ट म्हणजे शाळेच्या पडवीतलं एक टेबल, एक लाकडी पेटी, शिक्का आणि भिंतीला टांगलेला लाल डबा. शाळेचे चांगदेव मास्तर पोस्टमास्तर झाले. त्यांनी मनुबाईला पहिल्याच दिवशी सांगितलं, "मनुबाई, थैली सकाळी दहाला टेबलावर पाहिजे. सरकारी वेळ आहे."

"दहा म्हंजे सूर्य कुठं?"

मास्तरांनी पडवीच्या खांबाची सावली दाखवली. मनुबाईनं ती डोळ्यांत धरून ठेवली.

आता खाडीला काही घड्याळ नसतं. भरती रोज पाऊण तासानं पुढे सरकते. महिन्यातले निम्मे दिवस दहाच्या सुमाराला पाणी असे आणि होडी सुखानं जाई. उरलेले दिवस ओहोटी. मधे कंबरभर पाण्याची एक चिंचोळी धार आणि दोन्ही अंगांना मांडीमांडीएवढा चिखल. त्या दिवशी मनुबाई लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून, थैली डोक्यावर बांधून चिखलातून येई. पाय कुठं टाकायचा, कुठं जुनी तिवरांची मुळं आहेत, कुठं गाळ माणूस गिळतो, हे तिला तळव्यांनी कळे. काठावर आली की आधी पाय धुवायचे, मग पडवी चढायची. आठ वर्षांत एकदाही सावली खांबाच्या त्या खुणेपुढे गेली नाही. आणि आठ वर्षांत एकदाही थैलीला चिखलाचा ठिपका लागला नाही. या गोष्टीची तिला घमेंड होती. ही घमेंड ती लपवतही नसे.

मास्तर थैली फोडून पत्रं लावत, तेव्हा ती शेजारी उकिडवी बसून बघे. सगळ्यात आधी तिला 'तिवरखार' हा शब्द ओळखू यायला लागला, कारण तो प्रत्येक पत्रावर होता. मग 'मुक्काम पोस्ट'. मग एकेकाची नावं. मास्तर शिकवायचे आणि ती बोटानं भुईवर गिरवायची. तीन वर्षांत ती कार्डं वाचू लागली. मग नुसतं पत्र देऊन निघून येणं सुटलंच. म्हाताऱ्या सोनाबाईच्या ओट्यावर बसून तिच्या मुलाचं पत्र दोनदा वाचायचं, कारण सोनाबाई पहिल्या खेपेला नुसती रडायची आणि दुसऱ्या खेपेला ऐकायची.

गावालाही या पोस्टाचा मोठा तोरा. पूर्वी पत्ता लिहायचा तर 'मु. तिवरखार, पो. कासवली' असा. म्हणजे आपण कुणाचे तरी आश्रित. आता 'मु. पो. तिवरखार'. मुंबईच्या गिरण्यांत नि गोदीत असलेली गावची माणसं तो पत्ता उगाचच मोठ्या अक्षरांत लिहीत.

आणि अठ्ठावन्न सालच्या जानेवारीत त्याच थैलीतून एक लांबट सरकारी लखोटा आला. मास्तरांनी तो वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काय झालं वो मास्तर?"

"पोस्ट बंद होणार. एक एप्रिलपासून. जवळच दुसरं पोस्ट असताना इथं वेगळं नको म्हणतात. पत्रं कासवलीहून आठवड्यातून दोनदा वाटतील. रजिस्टर, मनीऑर्डर ज्याची त्यानं कासवलीला जाऊन घ्यायची."

मनुबाई उठली. डोक्यावरची चुंबळ काढून तिनं हातात पिळली आणि हिरामण पाटलाच्या घराकडे चालू लागली.

गावकी बसली. हिरामण पाटील गावचा पुढारी, मिठागराचा मुकादम, आवाज ढोलासारखा. त्याची सून सगुणा पेणची, सातवी पास. तिनं वळणदार अक्षरात अर्ज लिहिला: मधे खाडी आहे, पोस्ट बंद करू नये. शंभरावर अंगठे उठले. महिन्याभरानं उत्तर आलं. सगुणेनं ते गावासमोर वाचलं. कासवली पोस्ट दीड मैलावर आहे. खाडीची अडचण असल्याचं दप्तरावरून दिसत नाही, कारण गेल्या आठ वर्षांत टपालाची थैली एकदाही उशिरा पोचल्याची नोंद नाही. सबब अर्ज नामंजूर.

सगळ्यांच्या माना मनुबाईकडे वळल्या.

तिला वाटलं, कुणी तरी आपल्या थोबाडीत मारली. ज्या गोष्टीवर ती आठ वर्षं मान ताठ करून चालली, तीच गावाच्या मुळावर आली होती.

हिरामण म्हणाला, "मनुबाय, आता तूच इलाज कर. सोपा हाय. म्हैनाभर थैली उशिरा आन. दोन दिस तर आनूच नको. एकदा खाडीत पडू दे. मग बघू दप्तरावर काय दिसतं ते."

"बरोबर हाय," चार-पाच जण एकदम बोलले.

मनुबाई उभी राहिली. "थैली मी अडवनार न्हाय."

"अगं, पोस्ट वाचवायला सांगतोय!"

"कुनाचं पत्र अडवून वाचवायचं? त्यात कुनाची कशी खबर असंल ते तू सांगशील, पाटला? माझा अंबाजी गेला तवा कुनी मुद्दाम न्हवतं अडवलं. नुसतं पडून राह्यलं. मी तर जानूनबुजून पाडून ठेवायचं म्हनतोस." ती उभीच राहिली. "पोस्ट गेलं तर गेलं. पन शेवटच्या दिवशीबी थैली दहाला येईल."

हिरामण रागानं फणफणत उठला. बाहेर पडता पडता म्हणाला, "मग ऱ्हा तुझ्या दहाला धरून."

दोन दिवस गाव तिच्याशी तुटक वागलं. होडीत बसणारे तिच्याकडे पाठ करून बसत. ती वल्हं मारत विचार करत होती. तिसऱ्या दिवशी ती सगुणेकडे गेली.

"पोरी, शंभर अंगठे एका कागदावर. त्यांना तो एकच कागद दिसतो. एका बाजूला सारला की गेलं गाव. घरटी एक कार्ड लिहिलं तर?"

सगुणेचे डोळे चमकले. "घरटी कशाला, आत्याबाई? माणशी एक."

मास्तर सरकारचे नोकर. त्यांना या भानगडीत पडता येत नव्हतं. ते पडवीत टेबलापाशी पाठ करून बसले आणि कुणी मागेल त्याला कार्ड विकत राहिले. त्यांच्याकडची कार्डं पहिल्याच दुपारी संपली. मनुबाईनं कासवलीहून गठ्ठा आणला. तिथले पोस्टमास्तर म्हणाले, "तुमच्याकडे लग्नं फार निघालेली दिसतात!"

"व्हय," मनुबाई म्हणाली, "अख्ख्या गावाचंच हाय."

शाळेसमोरच्या चिंचेखाली सगुणा आणि मुंबईहून रजेवर आलेले दोघं-तिघं लिहायला बसले. सगुणेची एकच अट होती. प्रत्येकानं आपलंच सांगायचं, दुसऱ्याचं नाही. सोनाबाईनं सांगितलं की माझे गुडघे गेलेत, चिखलात उतरले तर तिथंच पुरतील. मिठागरावरच्या केसरनं सांगितलं की मला दिवसाचा खाडा करून, मजुरी बुडवून पत्र आणायला परवडत नाही. ज्या बायांचं नाव जन्मात कागदावर आलं नव्हतं, त्या आपलं नाव कसं दिसतं ते बघायला वाकून वाकून पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हिरामण आला. कुणाकडे न बघता सुनेसमोर बसला आणि म्हणाला, "लिही माझंबी."

मनुबाईनं मात्र आपलं कार्ड कुणाकडून लिहून घेतलं नाही. पडवीच्या कोपऱ्यात बसून, जीभ दातांखाली धरून, तिनं स्वतः लिहिलं. सगळी दुपार गेली. एक कार्ड शाईनं खराब झालं, दुसरं धड उतरलं. अक्षरं पायलीएवढाली, ओळ खाली उतरत गेलेली:

'थैली येळेवर येते ती खाडी सोपी हाय म्हनून न्हाय. थैली येते तशी येऊन बघा. मनुबाई तरीवाली, मु. पो. तिवरखार.'

त्या दिवशी थैली इतकी फुगली की तोंड बांधता येईना. मास्तरांनी आणखी एक थैली काढली. मनुबाई दोन्ही घेऊन चिखलात उतरली, तेव्हा गाव काठावर उभं होतं. मधल्या धारेत ती कंबरेपर्यंत बुडाली, तसा हिरामणच्या तोंडून श्वास सुटला. इतक्या वर्षांत ओहोटीच्या वेळी थैली कशी जाते हे त्यानं उभं राहून कधी पाहिलंच नव्हतं.

मार्चात पत्र आलं. इन्स्पेक्टर निकम साहेब समक्ष पाहणीला येत आहेत. तारीख त्यांनीच घातली होती. सगुणेनं पंचांग काढलं. फाल्गुन वद्य अष्टमी.

"दुपारी बाराला ठार ओहोटी!" हिरामण मांडीवर थाप मारून म्हणाला. "वर भांगाचं पानी, भरतीबी तोकडी. चार वाजेस्तवर होडी तरंगत न्हाय. बसू दे साहेबाला पलीकडं उन्हात. कुनी जाऊ नका."

"हाक आली की मी जानार," मनुबाई म्हणाली. "आजवर एक उतारू काठावर टाकला न्हाय मी."

हिरामण या वेळी भांडला नाही.

साहेब साडेअकराला कासवलीच्या काठावर आले. घाटावरचे, साताऱ्याकडचे. बदली होऊन वर्षही झालं नव्हतं. डोक्यावर टोपी, पायात बूट, काखेत कागदांचं बाड. समोर पाहतात तो खाडीच नाही! करडा, चकाकणारा चिखल, त्यावर उड्या मारणारी निवट्यांची बारीक मासळी आणि लांब पलीकडे एका अंगावर कलंडलेली होडी. त्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून आरोळी दिली. पलीकडून एक बाई चिखलात उतरली आणि चालत आली. यायला तिला अर्धा तास लागला. साहेब तेवढा वेळ एकटक बघत होते.

"तुम्हीच मनुबाई तरीवाली?"

"व्हय साहेब."

"होडी?"

"होडीला पानी लागतं. ते चार-साडेचारला येईल. तवर बाजारात बसा, सावली हाय. मी बोलवायला येते. न्हायतर आता माझ्यासंगं या."

"लोक काय करतात?"

"ज्याला दम हाय तो थांबतो. ज्याच्या घरी दुखनं हाय, न्हायतर तार आली हाय, तो उतरतो."

"आणि थैली?"

"थैली थांबत न्हाय, साहेब."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली बसून बुटांचे बंद सोडले. पाटलोण गुडघ्यावर दुमडली. मनुबाईनं त्यांचे कागद आणि बूट फडक्यात बांधून डोक्यावर घेतले आणि म्हणाली, "माझ्या पावलात पाऊल टाका. शिंपल्या कापतात, उचलून टाकू नका, सरकवून टाका. आनी थांबू नका. थांबलं की खाडी धरते."

पहिली शंभर पावलं बरी गेली. मग साहेब थांबले, घाम पुसायला. तेवढ्यात उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. तो काढायला जोर केला तसा डावाही गेला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. धरायला काही नव्हतं. तोंडावरचा रंग उडाला.

"बाई..."

"जोर करू नका. पुढं ओनवे व्हा. पोटावर पडा, लाजू नका. हितं कुनी बघत न्हाय." खरं तर अख्खं गाव पलीकडून बघत होतं. पण त्या घटकेला कुणी हसलं नाही.

तिनं एका हातानं डोक्यावरचं बोचकं सावरलं, दुसऱ्या हातानं साहेबांचं मनगट धरलं आणि मागे रेलून त्यांना ओढलं. चिखलानं मोठा आवाज करून पाय सोडले. मधल्या धारेत साहेबांच्या कंबरेपर्यंत पाणी आलं. तिच्या डोक्यावरचं बोचकं हललंही नाही.

तिवरखारच्या काठाला लागले तेव्हा एक वाजून गेला होता. सगुणेनं घंगाळभर गोडं पाणी आणलं. उन्हाळ्यात त्या गावात गोडं पाणी म्हणजे काय, हे साहेबांना कुणी सांगितलं नाही. पडवीत हिरामणचं धोतर नेसून ते बसले, चहा घेतला आणि फडकं सोडलं. कागद कोरडे खडखडीत होते. त्यांनी वरचा कागद बोटानं चाचपून पाहिला.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "खरं सांगा मनुबाई, तुम्ही मला मुद्दाम ओहोटीला आणलंत?"

"तारीख तुमची, साहेब. ओहोटी आमच्या सांगन्यावरनं येत न्हाय."

मास्तरांनी घाबरून मनुबाईकडे पाहिलं. पण साहेब मोठ्यानं हसले. मग त्यांनी बाडातून एक कार्ड काढलं. पायलीएवढाली अक्षरं, खाली उतरत गेलेली ओळ.

"कचेरीत सगळी कार्डं ढिगानं आली. पहिल्या दिवशी आम्ही चिडलो. पण मोठ्या साहेबांनी हे वेगळं काढलं आणि मला म्हणाले, निकम, ही बाई बोलावते आहे तसे जाऊन या." थांबून ते म्हणाले, "आमच्या दप्तरात फक्त वेळ लिहितात, बाई. थैली कशी आली ते लिहायला रकाना नाही."

मग त्यांनी तिला विचारून विचारून लिहून घेतलं. कुठल्या तिथीला पाणी किती वाजता चढतं, होडी किती वेळ चालते, पावसात काय, उधाणाला काय. मनुबाई सांगत होती आणि साहेब खाली मान घालून लिहीत होते. सोनाबाई, केसर, सगळ्या बाया पडवीच्या कडेला उभ्या राहून ऐकत होत्या. सरकारी माणूस आपल्यातल्या एका बाईचं बोलणं लिहून घेतो आहे, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

साडेचारला पाणी आलं. होडीनं दहा मिनिटांत साहेब कासवलीला पोचले. उतरताना म्हणाले, "आत्ता मात्र पोस्ट जवळच आहे हो."

"व्हय साहेब," मनुबाई म्हणाली. "दिवसातनं दोन येळा असतं."

मार्च संपत आला तरी उत्तर नव्हतं. एकतीस तारखेला मास्तरांनी शिक्का पुसून पेटीत ठेवला, नाव लिहिलेली पाटी उतरवायला स्टूल आणलं. दहाला मनुबाई थैली घेऊन आली. आलेलं उत्तर तिनंच कासवलीहून आणलं होतं, पण थैलीत काय आहे हे तिला तरी कुठं ठाऊक! मास्तरांनी लखोटा फोडला आणि वाचला. त्यांनी तो मनुबाईच्याच हातात दिला.

ती सावकाश, बोट ठेवून, मोठ्यानं वाचत गेली. तिवरखार पोस्ट बंद करण्याचा हुकूम रद्द करण्यात येत आहे. टपालाची वेळ यापुढे खाडीच्या पाण्याप्रमाणे ठरवावी. आणि थैली नेण्या-आणण्याच्या कामावर श्रीमती मनुबाई रघू यांची रीतसर नेमणूक करण्यात येत आहे. आपल्या नावाशी आल्यावर तिचं बोट थांबलं. 'श्रीमती' हा शब्द तिनं आजवर दुसऱ्या कुणाच्या पत्रावरही वाचलेला नव्हता. तिनं मास्तरांना विचारलं, "हे कुनाचं नाव?"

"तुमचंच. तुमच्या नावाआधी लावलंय, मानानं."

हिरामणनं खालू बाजा बोलावला. ढोल, सनई, टिमकी. दुपारपर्यंत सगळं गाव शाळेपुढे जमलं. पालखीसारखी सजवून एक खुर्ची आणली, तीत मनुबाईला बसवून गावातून मिरवायचं ठरलं. हिरामण हात जोडून म्हणाला, "बस मनुबाय. त्या दिवशी मी वंगाळ बोललो. आज बस."

मनुबाईनं पाण्याकडे पाहिलं. मग थैलीकडे.

"खुर्चीत थैलीला बसवा," ती म्हणाली. "मी पुढं चालते. आनी लवकर आटपा, पानी उतराय लागलंय. परतीचं टपाल जायचं हाय."

मिरवणूक शाळेपासून काठापर्यंत गेली. पुढे मनुबाई, मागे चौघांच्या खांद्यावरल्या खुर्चीत टपालाची थैली, तिच्यावर झेंडूचा हार. काठावर तिनं हार काढून होडीच्या नाकाला घातला, थैली आपल्या जागी ठेवली आणि वल्हं हातात घेतलं. बाजा वाजतच होता. कासवलीच्या बाजूला बाजारकरी उभे राहून बघत होते, की पलीकडे एवढं लग्न कुणाचं निघालं.

त्यानंतर दहा वर्षं मनुबाईनं थैली वाहिली. अडुसष्ट साली तिनं काम सोडलं तेव्हा निकम साहेब कधीच बदलून गेले होते आणि तिवरखारच्या पोस्टाला पडवीऐवजी स्वतःची कौलारू खोली झाली होती. खोलीत मास्तरांच्या खुर्चीवर सगुणा बसू लागली होती, आणि तिच्या मागे, भिंतीवर, तिथी आणि पाण्याच्या वेळांचा एक तक्ता टांगलेला होता, वरच्या कचेरीच्या सहीशिक्क्यानिशी.